आर्वी तालुक्यातील दगडी शेतवाडा: त्याचे वय, बांधणी आणि दुरुस्ती

आपण विचारलेले थोडक्यात असे आहे. आर्वी तालुक्यात, वर्धा नदीपासून काही अंतरावर, आज वस्ती नसलेल्या एका रिठी मौज्यात आपल्या घराण्याचा काळ्या दगडाचा वाडा शेताच्या मधोमध उभा आहे. तो तीनशे वर्षांचा आहे असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. राज्य संरक्षित स्मारक म्हणून घोषित करण्याचा इरादा व्यक्त करणारी अधिसूचना निघाल्यामुळे घरातले काही जण धास्तावले आहेत. एका कंत्राटदाराने धाबे (लाकडांवर माती चोपून केलेले सपाट छप्पर) काढून त्या जागी स्लॅब टाकण्याचा आणि भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करण्याचा अंदाज दिला आहे. शिवाय माजघरातले बुजलेले पेव (धान्य साठवण्याचा जमिनीतला खोल खड्डा) उघडावे की नाही, यावरून भावाभावांत मतभेद आहेत. आपण पाठवलेली मोजमापे आणि छायाचित्रे मी नीट पाहिली. विदर्भातल्या वाड्यांच्या आणि गढ्यांच्या दुरुस्तीत माझी 28 वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून लिहितो. प्रत्यक्ष पाहणीनंतर यातले काही तपशील बदलू शकतील, मात्र मुख्य मुद्दा बदलेल असे वाटत नाही. आपला वाडा दगडाचा दिसतो, पण तो मातीवर चालतो. त्याच्या पायाखाली, भिंतीच्या पोटात आणि डोक्यावर मातीच आहे. त्याचे वय, त्याची बांधणी आणि त्याची दुखणी या तिन्ही गोष्टी त्या मातीकडे पाहिल्याशिवाय कळत नाहीत.

प्रथम जागेविषयी. आपल्याकडे शेतकरी शेतात राहत नाही, गावात राहतो. शेत ते काळी आणि गावठाण ते पांढरी, ही विभागणी आपल्या भाषेतच मुरलेली आहे. त्यामुळे शेताच्या मधोमध एवढा मोठा दगडी वाडा दिसला की तो मुळात शेतात बांधलेलाच नव्हता, असे मी आधी गृहीत धरतो. आपल्या मौज्याच्या नावापुढे महसुली दप्तरात ‘रीठ’ असा शेरा आहे. याचा अर्थ तिथे कधीकाळी गाव होते आणि ते उठले. मातीची घरे चार-सहा पावसाळ्यांत विरघळून गेली, त्यांच्या जागेवर नांगर फिरला आणि दगडाचा म्हणून वाडा तेवढा उरला. आपण जोत्याभोवतीच्या जमिनीचे जे छायाचित्र पाठवले आहे, त्यात वाड्याच्या चारही बाजूंना पाऊणएक एकरभर माती राखट दिसते आणि पलीकडे एकदम काळी सुरू होते. ती राखट जमीन म्हणजेच जुन्या गावाची पांढरी.

या पांढरीचा बांधकामाशी थेट संबंध आहे. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घातला तर भिंत दर वर्षी उचलली जाते आणि दर वर्षी खाली बसते. पांढरी ही शेकडो वर्षांच्या वस्तीतून साचलेली माती असते. पडलेल्या भिंती, चुलीची राख, शेण आणि खापऱ्या यांच्या मिश्रणामुळे तिच्यात तो फुगण्याचा गुण फारच कमी उरतो. जुन्या गवंड्यांना हे पक्के माहीत होते. ते शक्यतो पांढरीवर बांधत, आणि काळीत बांधणे भागच पडले तर मुरूम लागेपर्यंत खोदून पाया भरत. आपल्या वाड्याच्या मुख्य घराच्या भिंतींना उभ्या भेगा नाहीत, पण पश्चिमेकडच्या कोठ्याच्या भिंतीला कोपऱ्यातून तिरपी भेग गेली आहे. माझ्या मते त्याचे कारण हेच असावे, कारण कोठ्याचा तो कोपरा पांढरी संपून काळी सुरू होते तिथे येतो.

यासोबत एक विनंती. दुरुस्तीला लागणारी माती या पांढरीतून खोदू नये. आपल्या तालुक्यासमोर, नदीच्या पलीकडच्या काठावर कौंडिण्यपूर आहे. तिथल्या आणि पवनारच्या उत्खननांत प्राचीन वस्तीचे थर मिळाले ते अशा पांढऱ्या टेकाडांतच. शेतात टाकायला खत म्हणून गढीची पांढरी गाड्या भरभरून नेण्याची पद्धत आपल्याकडे होती आणि काही ठिकाणी अजून आहे. तिने विदर्भातल्या गढ्यांचे जेवढे नुकसान केले, तेवढे कोणत्याही लढाईने केले असेल असे मला वाटत नाही.

आता वयाविषयी. घराणे तीनशे वर्षांपासून त्या गावात असू शकेल, जोत्याचा काही भागही तितका जुना असू शकेल. पण आज उभा असलेला वाडा बहुतांशी 1860 नंतरचा आहे असे माझे मत आहे. त्याची कारणे दोन प्रकारची आहेत, काही इतिहासातली आणि काही भिंतीतली.

डिसेंबर 1803 मध्ये देवगावच्या तहाने दुसऱ्या रघुजी भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. तेव्हापासून नदी ही दोन राज्यांची सीमा झाली. आपला वाडा पूर्व तीरावर, म्हणजे नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात राहिला. त्यानंतरची 15 वर्षे पेंढाऱ्यांच्या धाडींची होती. त्या काळात गावोगावी उभ्या राहिल्या त्या मातीच्या गढ्या, उंच तटाच्या आणि बुरुजांच्या. भोसल्यांच्या राज्यात पाटलाकडे गाव असे ते वसुलीच्या बोलीवर, आणि ती बोली दर वर्षी बदलू शकत असे. पुढच्या वर्षी गाव आपल्याकडे राहील याची ज्याला शाश्वती नाही, तो घडीव दगडात पैसा घालत नाही. याला अपवाद होते. तालेवार सरदारांचे वाडे वेगळे. खेड्यातल्या पाटलाच्या घराला मात्र हा नियम बहुधा लागू पडतो.

तिसऱ्या रघुजीच्या मृत्यूनंतर 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, 1861 मध्ये मध्य प्रांत बनला आणि 1862 मध्ये नागपुरातून वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला. याच दशकातल्या जमाबंदीत मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्यांना, गावाची मालकी मिळाली आणि सारा तीस-तीस वर्षांसाठी ठरला. त्याच सुमारास, 1861 ते 1865 या काळात, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाचे भाव चढले. 1867 मध्ये रेल्वे पुलगाव आणि वर्ध्यावरून नागपूरला पोचली. मालकीची शाश्वती, हातात पैसा आणि दाराशी रेल्वे या तीन गोष्टी जुळल्या तेव्हा आपल्या भागात दगडी वाडे उभे राहू लागले. नदीच्या पश्चिमेला, वऱ्हाडात, रयतवारी होती, म्हणजे शेतकरी स्वतःच सरकारात सारा भरत. तिथले देशमुख-पाटलांचे वाडे आणि पूर्वेकडचे मालगुजारांचे वाडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर फरक जाणवतो. पूर्वेकडच्या वाड्यात धान्याच्या कोठाराला जेवढी जागा दिलेली असते, तेवढी पश्चिमेकडे क्वचितच आढळते. याचे कारण पुढे सांगतो.

भिंतीतले पुरावे याहून बोलके आहेत. पूर्वेकडच्या दर्शनी भिंतीतले दगड टाकीने घडवलेले आहेत आणि टाकीचे घाव दाट व एका दिशेने तिरपे आहेत. मागच्या भिंतीत मात्र निदान तीन दगडांवर नळीसारखी अर्धगोल खूण दिसते. ती सुरुंगासाठी पाडलेल्या भोकाची आहे. खेड्यातल्या पाथरवटाने सुरुंगाचा दगड वापरला असेल तर तो भाग मी रेल्वेनंतरचा धरतो, कारण रेल्वेच्या आणि सरकारी रस्त्यांच्या कामांमुळेच ही पद्धत खेडोपाडी पोचली. माडीवरच्या छपराला आज मंगलोरी कौले आहेत. मंगळूरला बासेल मिशनने या कौलांचा कारखाना 1865 मध्ये काढला, त्यामुळे ती त्याआधीची असणे शक्य नाही. बहुधा तिथे आधी कुंभाराने थापलेली नळीची कवेलू असावीत. आपण एक-दोन मंगलोरी कौले काढून उलटी करून पाहावीत. बहुतेक जुन्या कौलांच्या पाठीवर कारखान्याचे नाव उठवलेले असते. दक्षिणेकडच्या खोल्यांत तुळईऐवजी लोखंडी गर्डर आहे. त्याच्या पोटावरचा गंज ब्रशने हलकेच काढला तर अक्षरे सापडू शकतील. ‘डॉर्मन लाँग’ असे नाव निघाले तर माल विलायती आहे. टाटांचे नाव निघाले तर ती खोली 1912 नंतरची, कारण जमशेदपूरला पोलाद निघू लागले तेच त्या वर्षी. खिळेही पाहावेत. लोहाराने ठोकलेला खिळा चौकोनी असतो, तारेचा खिळा गोल. ज्या दाराला सगळे खिळे गोल, ते दार बदललेले आहे.

म्हणजे आपला वाडा एका वर्षाचा नाही, तो तीन-चार पिढ्यांनी मिळून बांधला आहे. आवाराची भिंत ‘छप्पनच्या दुष्काळात’ बांधली, असे आपल्या आत्याबाईंनी सांगितल्याचे आपण लिहिले आहे. ही आठवण मी गंभीरपणे घेईन. विक्रम संवत 1956 चा दुष्काळ म्हणजे 1899–1900, आणि मध्य प्रांताला त्याची झळ फार मोठी बसली होती. आवाराच्या भिंतीचा दगड न घडवलेला, शेतातून वेचलेला आहे आणि रचाई घाईची आहे. कुशल पाथरवट न लावता पुष्कळ हातांनी उभी केलेली भिंत अशीच दिसते.

दप्तरांतही काही मिळेल. जिल्हा अभिलेख कक्षात आपल्या मौज्याची बंदोबस्ताची (जमाबंदीची) मिसल मागावी. तिच्यासोबत वाजिब-उल-अर्ज असेल तर त्यात गावातल्या आबादीचे, पाण्याचे आणि मालगुजाराच्या हक्कांचे वर्णन मिळेल. मालगुजाराची सीर, म्हणजे घरच्या वाहितीची, जमीन कोणती, हेही तिथेच कळते. त्यानंतरचा दुवा 1954–55 च्या अधिकार अभिलेखाचा. मालगुजारी 31 मार्च 1951 रोजी संपली आणि घरच्या वाहितीची जमीन तेवढी कुटुंबाकडे राहिली. पुढे 1961 च्या कमाल जमीन धारणा कायद्याने तिलाही मर्यादा आली. वाड्याचा आकार आणि त्याला पोसणारी जमीन यांचे नाते इथे तुटले. त्यानंतर माडीवर कोणी राहिले नाही, असे आपण लिहिलेच आहे. मी पाहिलेल्या बहुतेक वाड्यांची पडझड याच सुमारास सुरू झालेली आढळते.

आता बांधणी. ‘एवढ्या मोठ्या घराला बाहेरच्या बाजूला एकही खिडकी का नाही?’ हा आपला प्रश्न चांगला आहे. पेंढाऱ्यांची भीती हे त्याचे नेहमीचे उत्तर, पण 1860 नंतर बांधलेल्या घराला ते पुरत नाही. माझ्या समजुतीने हे घर राहण्यासाठी कमी आणि साठवण्यासाठी जास्त बांधले आहे. देवडीतून आत आले की आवार, डावीकडे बैलांचा कोठा, समोर ओसरी आणि बैठक, मागे माजघर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बिनखिडकीच्या लांब खोल्या. उत्तरेकडच्या खोलीत छताजवळ वीतभर रुंदीचे झरोके तेवढे आहेत. ती कापसाची खोली असावी. वेचणीचा कापूस भाव येईपर्यंत अशा खोलीत छतापर्यंत भरून ठेवत. त्याला ओल आणि ठिणगी या दोन गोष्टींपासून जपावे लागे आणि खिडकीतून दोन्ही येतात. माजघराच्या भिंतीतली बळदे (धान्याचे कप्पे) आणि जमिनीतले पेव ज्वारीसाठी. मालगुजार कुळांना पेरणीच्या वेळी बियाणे आणि खावटी देत असे आणि सुगीला ते सवाईने, कधी दीडीनेही परत घेत असे. पायलीची सव्वा पायली किंवा दीड पायली. ज्याच्या बळदात धान्य, त्याच्या हाती गाव, असा तो व्यवहार होता. म्हणून धान्याच्या खोल्या घराच्या अगदी पोटात आहेत आणि त्यांची वाट देवघरावरून जाते. वाड्याचे कौतुक करताना हेही सांगितले पाहिजे. त्या जाड भिंती नुसत्या उन्हासाठी नव्हत्या.

उन्हासाठी त्या आहेतच. अडीच फूट जाडीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आतल्या बाजूला पोचायला रात्र उजाडते, आणि तोवर बाहेर गार झालेले असते. मे महिन्यात पारा 45 अंशांवर असतानाही आपले माजघर थंड राहते ते यामुळे. कंत्राटदाराने सुचवलेल्या स्लॅबखाली ते तसे राहणार नाही.

भिंत कशी रचली आहे हे समजून घेणे सर्वांत महत्त्वाचे आहे. ती अडीच फूट जाड असली तरी एकसंध नाही. बाहेर दगडाचा एक पदर, आत दुसरा पदर, आणि मध्ये चिपा व मातीची भर. बाहेरच्या दगडाचे तोंड तेवढे घडवलेले आणि शेपूट निमुळते असते. ते शेपूट भरीत रुतलेले असते. दोन पदर एकमेकांना धरून राहावेत म्हणून ठराविक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालायचे असतात. चांगल्या गवंड्याने ते घातले, घाईच्या गवंड्याने गाळले. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात जी दगडी घरे क्षणात कोसळली, त्यांत हे आरपार दगड नव्हते किंवा फार थोडे होते. दोन्ही पदर अलग होऊन दोन दिशांना पडले आणि वरचा धाब्याचा ढीग माणसांवर आला. आपला भाग किल्लारीपासून दूर आहे, पण भिंतीचे पदर सुटायला भूकंपच लागतो असे नाही. वरून पाणी मुरत राहिले की भर ओली होते, बसते आणि बाहेरचा पदर ढकलते. आपण ‘भिंतीला पोट सुटले आहे’ असे लिहिले ते हेच. उत्तरेकडच्या भिंतीचा फुगवटा ओळंब्याने मोजून लिहून ठेवावा आणि दर महिन्याला पुन्हा मोजावा. तो वाढत असेल तर त्या खोलीत वावर बंद करावा आणि भिंतीला तातडीने टेकू द्यावा.

सिमेंटचा गिलावा मी का नको म्हणतो, हेही यावरून लक्षात येईल. काळा दगड स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही, त्यामुळे भिंतीतली ओल बाहेर पडते ती दर्जांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून. दर्जा सिमेंटने बंद केल्या की जोत्यातून चढलेली आणि छपरातून उतरलेली ओल आत कोंडते, भरीची माती लोण्यासारखी होते आणि लोणा (क्षारांचा पांढरा थर) आतल्या बाजूने फुटतो. मी हे पुस्तकातून सांगत नाही. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका वाड्याच्या सगळ्या दर्जा मी स्वतः सिमेंटने भरून घेतल्या होत्या. काम देखणे झाले, मालकांनी पाहुण्यांना बोलावून दाखवले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर त्याच भिंतीचा दहा-बारा फुटांचा बाहेरचा पदर एका रात्री खाली आला. सिमेंटची जाळी तशीच्या तशी, दगडांना धरून, आणि मागे चिखल. त्या ढिगासमोर उभे राहून मी जे शिकलो, ते मला त्याआधी कोणी शिकवले नव्हते.

दर्जांसाठी चुनाच वापरावा. वणीच्या परिसरात चुन्याच्या भट्ट्या आहेत, त्यामुळे आपल्याला कळी (भाजलेला, न विरवलेला चुना) मिळवणे अवघड जाऊ नये. कळी पाण्यात विरवून निदान महिनाभर हौदात झाकून ठेवावी आणि मग एका भागाला अडीच-तीन भाग चाळलेली वाळू व थोडी सुरखी (विटांची भुकटी) घालून मळावी. चुना मळायची घाणी मिळाली तर उत्तम. जुने लोक बेलाचा गर, गूळ, हिरडा घालत. त्याचा उपयोग होतो, पण चुना नीट विरला नसेल तर कितीही गूळ घातला तरी तो फसतोच. दर्जा खरवडून, धुऊन, ओल्या ठेवून भराव्यात आणि आठवडाभर गोणपाटाने भिजवाव्यात. हे काम दिवाळीनंतर सुरू करावे आणि ऊन तापण्याआधी संपवावे. ज्या भागात पदर सुटले आहेत, तिथे एक-एक दगड काढून आरपार दगड बसवावा लागेल. मातीतल्या दगडी बांधकामासाठी जे भारतीय मानक 1993 चे आहे, त्यात असे दगड उंचीत दर 60 सेंटिमीटरला आणि आडव्या अंतरात 1.2 मीटरच्या आत असावेत असे सांगितले आहे. अडीच फुटी दगड मिळत नसेल तर दोन दगड एकमेकांवर चढवून तेच साधता येते. पाथरवट निवडताना त्याने केलेले नवे काम पाहू नका, दुरुस्तीचे पाहा. नवी भिंत बांधता येणारा माणूस जुन्या भिंतीतला दगड काढू शकेलच असे नाही.

स्लॅबबाबत कंत्राटदाराच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. धाब्याचे ओझे जास्त आहे, हे त्याचे म्हणणे खरे आहे. आपण मोजलेली मातीची जाडी दीड फूट आहे. मुळात ती सहा ते नऊ इंच असावी. दर वर्षी गळती थांबवायला वर नवी माती टाकत गेल्याने ती वाढली. दहा फूट बाय दहा फुटांच्या एका खणावर दीड फूट माती म्हणजे कोरडी असतानाच सहा-सात टन, आणि ओली झाली की आणखी. पाच इंची स्लॅब याहून हलका होईल. मात्र 40 फूट लांबीचा स्लॅब ऊन-थंडीने तीन-चार मिलिमीटर लांब-आखूड होतो आणि मातीच्या भरीवर बसलेल्या दगडांना वरून रोज ढकलतो. शिवाय तो टाकण्यासाठी तुळया काढाव्या लागतील, आणि भिंतींचे वरचे टोक एकमेकांना बांधून ठेवण्याचे काम आज त्या तुळयाच करत आहेत.

त्याऐवजी मी असे करीन. वरची माती थोडी-थोडी, सगळ्या खणांवरून सारखी उतरवत आणावी. एकच खण एकदम मोकळा करू नये, नाहीतर भार एका बाजूला जाऊन भिंत हलते. माती काढली की किलच्या (तुळयांवर अंथरलेल्या लाकडी पट्ट्या) आणि तुळया उघड्या पडतील. सागवानाची तुळई मधोमध क्वचितच कुजते, ती कुजते भिंतीत शिरलेल्या टोकाला, आणि उधळीही (वाळवी) तिथूनच चढते. टोकाचा फूट-दीड फूट भाग कापून जुन्या सागवानाचा जोड देता येतो. अख्खी तुळई बदलण्याची गरज बहुधा पडत नाही. नव्या टोकाभोवती बोटभर हवा खेळेल अशी जागा सोडावी. त्यावर नव्या किलच्या, मग चार इंच चोपलेली माती आणि वर तीन इंच चुन्याचा कोबा, पन्हळीकडे दर चार फुटांना निदान एक इंच उतार देऊन. कोबा लाकडी थापीने सलग काही दिवस चोपावा लागतो. त्यात घाई केली की तडे जातात. आपल्याकडे मुळात कवेलूच्या छपराचा प्रघात अधिक आहे. निव्वळ धाबे शोभते ते पश्चिमेला, अकोला-बुलढाण्याकडे, जिथे पाऊस 700–800 मिलिमीटर पडतो. वर्धा जिल्ह्यात तो त्याहून अधिक आहे, म्हणून कोबा नसलेल्या धाब्याला इथे दर वर्षी माती मागावी लागते. आपल्या पणजोबांनी माडीवर कवेलू आणि खाली धाबे असा मध्यम मार्ग काढला होता.

जोत्याभोवती मात्र यंदाच्या मृगाआधीच काम करावे, बाकी सगळे थांबले तरी चालेल. शेताची माती वर्षानुवर्षे चढत जाऊन जोत्याचे दोन थर बुडाले आहेत. ती हटवून जोते उघडे करावे, जमिनीला बाहेरच्या दिशेने उतार द्यावा आणि पन्हळींचे पाणी भिंतीपासून दहा फूट दूर जाईल अशी चर काढावी. भिंतीला लागून सिमेंटची फरशी करू नये. तिच्याखालची ओल भिंतीतच चढते. देवडीच्या माथ्यावर उगवलेला पिंपळ ओढून काढू नये. तो बुडाशी कापावा आणि मूळ पुन्हा फुटेल तेव्हा पुन्हा कापावे, कारण ओढला तर कमानीचा दगड सोबत येईल.

अधिसूचनेविषयी घरात भीती असण्याचे कारण मला समजते, पण तिचा बराचसा भाग ऐकीव माहितीवर उभा आहे. राज्याचा यासंबंधीचा कायदा 1960 चा आहे. त्यात आधी इरादा जाहीर होतो, हरकतींसाठी दोन महिने मिळतात आणि मगच अंतिम घोषणा होते. संरक्षित झाल्याने मालकी जात नाही. देखभाल कोणी करायची, लोकांना पाहायला केव्हा येऊ द्यायचे, कोणते बदल परवानगीशिवाय करायचे नाहीत, हे मालकाशी करार करून ठरवण्याची तरतूद कायद्यात आहे. 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्राचा जो नियम सगळ्यांच्या तोंडी असतो, तो केंद्रीय कायद्यात 2010 च्या दुरुस्तीने आलेला आहे आणि केंद्र संरक्षित स्मारकांचा आहे. आपल्याला काय लागू होईल ते आपल्या अधिसूचनेतल्या शब्दांवरून आणि तिच्या सोबतच्या नकाशावरून पाहावे. हरकत घ्यायचीच असेल तर सरसकट विरोध न करता मुद्दा नेमका मांडावा. माझ्या मते संरक्षित क्षेत्रात मुख्य वाडा, देवडी, विहीर आणि पांढरी यावी, आणि पलीकडची वाहितीची जमीन व नवा गोठा वगळावा, असे गट क्रमांकांसह लिहून देणे आपल्या हिताचे आहे. सिंदखेड राजाचा लखुजी जाधवांचा वाडा राज्य संरक्षित आहे. तो जिजाऊंचे जन्मस्थान म्हणून जपला गेला. आपल्या वाड्याला तसे नाव नाही. एका मालगुजारी गावाचा व्यवहार कसा चाले, हे सांगणारी इमारत म्हणून तो जपण्यासारखा आहे. त्यामुळे बळदे, पेव आणि कापसाची खोली यांची मोजमापे व छायाचित्रे आपल्या निवेदनाला आवर्जून जोडावीत. अंतिम निर्णय होईपर्यंत कोणतेही काम पुरातत्त्व विभागाच्या सहायक संचालकांना लेखी कळवल्याशिवाय सुरू करू नये. टेकू देणे आणि पाणी काढून देणे यांसारखी तातडीची कामेही आधी कळवून, छायाचित्रे काढून करावीत.

राहिले पेव. त्यात सोने असेल या आशेने ते उघडायचे असेल, तर मी आजवर सात-आठ पेवे उघडताना हजर होतो आणि एकातही कुजकी ज्वारी, उंदरांची बिळे आणि एक फुटका रांजण यांपलीकडे काही निघाले नाही. वास्तूच्या अभ्यासासाठी ते उघडण्यासारखे आहे, कारण त्याच्या आतल्या लिंपणावरून आणि तोंडावरच्या दगडावरून वाड्याचा सर्वांत जुना थर कळू शकेल. पण ते विभागाच्या माणसासमोर उघडावे आणि कोणीही त्यात लगेच उतरू नये. बंद पेवात कुजलेल्या धान्याने प्राणवायू संपलेला असतो आणि जड, वास नसलेला कर्बवायू तळाशी साचलेला असतो. उतरलेला माणूस आवाज न करता पडतो, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. कंदील सोडून पाहण्याची जुनी युक्ती अर्धवट आहे. कंदील विझला तर हवा वाईट हे नक्की, पण तो तेवत राहिला म्हणून हवा चांगली असे धरता येत नाही. तोंड उघडून दोन दिवस तसेच ठेवावे, पंख्याने तळापर्यंत हवा खेळवावी, वायू मोजण्याचे यंत्र आणायला विभागाला सांगावे आणि त्यानंतरही उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून वर दोन माणसे उभी ठेवावीत. तोवर त्याच्या तोंडावरची फरशी हलवू नये आणि मुलांना माजघरात खेळू देऊ नये.